मोटरहोमच्या मागच्या एअरबॅगची हवा जमवून देणाऱ्यांचे आभार

छत्रपती संभाजीनगर ते बीडच्या वाटेवर नाव न सांगता मदत करून गेलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार. (मोटरहोम म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी; ही एअरबॅग अपघातातली नव्हे, तर मागच्या स्प्रिंगला आधार देणारी हवेची रबरी पिशवी.)

वजनकाट्यावरच्या दादांनी पाण्याची टाकी, सिलिंडर, सामान भरलेलं असतानाच पुढचा आणि मागचा एक्सल (चाकांच्या जोडीचा आस) वेगळा तोलून दिला. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. रिकाम्या गाडीवर लावलेलं प्रेशर पुढे खोटंच पडतं. एअरबॅगमुळे एक्सलची क्षमता वाढत नाही, हेही त्यांनी बजावलं.

पंक्चरवाल्या मामांचे आभार मानावेत तेवढे थोडेच. बॅग टायरपेक्षा खूप लहान, कॉम्प्रेसरने प्रेशरचा काटा भसकन चढतो, म्हणून हातपंप. गाडी सपाट जागी. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत टेप लावायचा, रिकाम्या गाडीचं माप आधी लिहून ठेवलेलं असावं. मग ५-५ पीएसआय वाढवत त्या मापाजवळ यायचं. डावी-उजवी नळी वेगळीच हवी. दोन्ही बॅगा एकाच नळीला जोडणारा टी-जोड असेल तर वळणावर हवा पलीकडच्या बॅगेत पळते आणि गाडी आणखी झुकते. जास्त भरली तर मागचा भाग दगडासारखा आदळतो, कपबश्यांचं विचारूच नका! पूर्ण रिकामी ठेवली तर रबर चिमटून फाटतं, म्हणून बॅगेच्या माहितीपत्रकातल्या किमान प्रेशरखाली जायचं नाही.

आणि साबणाचं पाणी आणून देणाऱ्या पोराचे खास आभार. बुडबुडे नळीच्या टोकाशीच निघाले: नळी तिरकी कापलेली होती. ब्लेडने काटकोनात कापून पुन्हा दाबून बसवली.