विज्ञान सल्ला परिषदेला जायचे ते फक्त देणगी देऊनच?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आंतरराष्ट्रीय विज्ञान सल्ला परिषदेत संस्थांनी कसा सहभाग घ्यावा, यावर कालच्या अंकात जे छापून आले ते वाचून वाईट वाटले. प्रायोजकत्वाचे दर, कोणत्या दराला फलकावर केवढे बोधचिन्ह आणि शेवटी ‘इच्छुकांनी संपर्क साधावा’. बस्स. ज्या संस्थेच्या गाठीला पैसा नाही तिने तिथेच पान उलटले असणार. त्यात मथळ्यात ‘विज्ञान प्रदर्शन’! शासनाने तज्ज्ञांना प्रश्न कसा विचारावा, तज्ज्ञांनी खात्री किती नि अंदाज किती हे उत्तरात कसे सांगावे आणि ते उत्तर निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर वेळेत कसे पोहोचावे, याची चर्चा तिथे होते. न्यूझीलंडमधील ऑकलंडला 2014 साली सुरुवात झाली, पुढे ब्रुसेल्स, टोकियो, माँट्रियल करत 2024 मध्ये ही परिषद रवांडाची राजधानी किगालीला भरली. तिला प्रदर्शन म्हणू नये.

पैसे न देता शिरण्याचे सर्वांत मोठे दार म्हणजे स्वतःचे सत्र मांडणे. त्यासाठी प्रस्ताव कित्येक महिने आधी मागवले जातात, म्हणून परिषदेची बातमी छापून येईपर्यंत बहुधा मुदत संपलेली असते. प्रस्तावात एका वाक्यात प्रश्न, पानभर मजकूर, तीन-चार वक्ते आणि एक सूत्रसंचालक एवढे पुरते. नव्वद मिनिटांच्या सत्रात चार वक्त्यांना आठ-आठ मिनिटे दिली तर बत्तीस मिनिटे होतात, उरलेला जवळजवळ तासभर चर्चेला मिळतो. पण आपल्याकडे कोणी नाराज होऊ नये म्हणून सात नावे घालतात आणि चर्चा मरते. सगळे वक्ते एकाच संस्थेचे असले किंवा संमती न घेता नावे टाकली, तर प्रस्ताव तिथेच मागे पडतो. सल्ला देणारे चार बसवण्यापेक्षा सल्ला घेणारा एक बसवा : तहसीलदार, कार्यकारी अभियंता, ग्रामपंचायत अधिकारी. त्यांना वरिष्ठांची परवानगी लागते. पत्र दोन महिने आधी गेले नाही तर ती खुर्ची रिकामी राहते.

कोल्हापूरकडे प्रश्नांची वानवा नाही, ते नीट विचारण्याची सवय मात्र नाही. ‘कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे पूर येतो का?’ असे विचारले की प्रत्येक बाजू आपापला तज्ज्ञ घेऊन उभी राहते. त्याऐवजी असे विचारून पाहा : राधानगरी धरणाच्या एका स्वयंचलित दरवाजातून 1,428 क्युसेक पाणी सुटते. असे चार दरवाजे उघडले आणि कासारी-कुंभी नद्याही भरून वाहत असल्या, तर कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या इशारा पातळीवरून 43 फुटांच्या धोका पातळीवर पाणी किती तासांत जाते, आणि तेवढ्या तासांत नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीची जनावरे हलवून होतात का? या प्रश्नावर जलशास्त्रज्ञ, पाटबंधारे खात्याचा अभियंता आणि सरपंच एका टेबलाशी बसू शकतात. उत्तरातली अनिश्चितताही तासांत सांगता येते.

या सत्राला लागणारा पुरावा तालीम मंडळे, पाणीपुरवठा संस्था, साखर कारखाने आणि बचावाला नावा घालणारी पोरे यांच्याकडे आहे. 2019 आणि 2021 च्या पुराच्या खुणा कितीतरी भिंतींवर अजून आहेत. पण ‘इथवर पाणी आले होते’ एवढ्याने शास्त्रज्ञाचे काम भागत नाही. न हलणाऱ्या ठिकाणापासून, म्हणजे देवळाच्या पायरीपासून किंवा पुलाच्या कठड्यापासून, खुणेची उंची सेंटिमीटरमध्ये मोजा. तारीख आणि तास लिहा, कोणी मोजले ते लिहा, टेप लावून फोटो काढा. अशा वीस नोंदी एकत्र केल्या तर परिषदेत लावायचे भित्तिपत्रक तयार होते. त्याचा रूढ आकार 841 बाय 1,189 मिलिमीटर असतो. फ्लेक्सवाल्याला फुटांत सांगायचे तर साधारण पावणेतीन बाय चार, पण छापण्याआधी पत्रक उभे हवे की आडवे ते आयोजकांना विचारा. अख्खा अहवाल त्यावर ओतू नका.

भाषेची मदत हाही सहभागच. मराठीत बोलणाऱ्या सरपंचाचे बोलणे थांबून थांबून भाषांतरित केले तर वेळ दुप्पट लागतो. बोलता बोलता भाषांतर करायचे तर एका भाषेच्या जोडीला दोन दुभाषे लागतात, कारण वीस-तीस मिनिटांनी माणूस थकतो. त्यांना भाषणे आणि पारिभाषिक शब्द दोन दिवस आधी द्यावे लागतात. इथले एखादे महाविद्यालय हे काम सहज उचलू शकेल. मुख्य परिषदेआधी कोल्हापुरात तिला जोडून एक छोटी सभा घेऊन तिचे दोन पानी इतिवृत्तही पाठवता येते. मात्र परिषदेचे नाव आणि चिन्ह लेखी परवानगीशिवाय वापरू नये. ऑनलाइन जोडायचे असेल तर घड्याळ पाहा : इथे दुपारचे दोन वाजतात तेव्हा किगालीत साडेदहा झालेले असतात.

प्रवासखर्च परदेशी आयोजक देणार असतील तर तिकीट त्यांनीच काढावे असे सुचवा. परदेशी पैसा संस्थेच्या खात्यात घ्यायचा तर एफसीआरए (परकीय देणग्यांचे नियमन करणारा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि ती ऐनवेळी मिळत नाही.

प्रायोजकत्वाला माझा विरोध नाही. सभागृहाचे भाडे कोणीतरी भरलेच पाहिजे. पण कार्यक्रम आणि वक्ते ठरवण्यात प्रायोजकाचा हात नसेल, हे करारात लिहिलेले हवे. नदीच्या पाण्यावरील एका चर्चासत्रात प्रायोजक कंपनीचे अधिकारी पंचवीस मिनिटे आपल्या सांडपाणी प्रकल्पावर बोलले आणि नदीकाठच्या गावांतून आलेल्यांच्या प्रश्नांना पाच मिनिटे उरली. ती माणसे सकाळची एसटी पकडून आली होती. नदीत सांडपाणी सोडणाऱ्याने नदीवरच्या सत्राचा खर्च उचलायचा, तर तो पैसा परिषदेच्या सामाईक निधीत जावा, त्या सत्राला नको. पैसे देऊन एखाद्या पूरग्रस्त गावच्या तरुणाला पाठवायचे असेल तरी निवड आयोजकांनी करावी.

जाता जाता आणखी एक. पावसाळ्यात आपण पंचगंगेची पातळी छापता, पण ती किती वाजताची ते नसते. पहाटे पाचची पातळी आठ वाजता वाचणाऱ्या माणसाला पाणी चढतेय की उतरतेय हे कळत नाही. आकड्याशेजारी वेळ आणि तीन तासांपूर्वीची पातळी द्या. आणि परिषदेच्या पुढच्या बातमीत सत्राच्या प्रस्तावाची अंतिम तारीख, प्रायोजकत्वाच्या दरांच्या आधी.

आपला,
एक नियमित वाचक, कोल्हापूर