लोकलमधल्या अनोळखी ताईंना

आदरणीय ताई,

तुमचे नाव मला ठाऊक नाही, म्हणून हे आभार असे उघडपणे मानते आहे.

साखरपुड्यानंतर माझे लग्न मोडले, तेव्हा सल्ल्यांना तोटा नव्हता. जे होते ते बऱ्यासाठीच, असे नातेवाईक म्हणाले. मैत्रिणींनी तो विषय टाळता टाळता मलाच टाळले. आणि माझे रडणे थांबण्याआधीच घरात नव्या स्थळाची पत्रिका येऊन पडली. यांपैकी कोणालाही माझ्याजवळ नुसते बसावेसे वाटले नाही, हे मला अजून खुपते.

तुम्ही बसलात. सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये, महिलांच्या डब्यात मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. काय झाले असे न विचारता तुम्ही कानातला एक इअरफोन काढलात, पदराच्या टोकाने नीट पुसलात आणि माझ्या हातावर ठेवलात. तो पुसून देणे मला सर्वांत मोलाचे वाटते. पाय ठेवायला जागा नसलेल्या गर्दीत परक्या मुलीचा इतका मान राखणारी माणसे या शहरात आहेत, आणि त्यांच्यामुळेच ते राहण्याजोगे आहे.

गाणे ग्लोरिया गेनरचे होते, ‘आय विल सर्व्हाइव्ह’. प्रेमभंगातून सावरलेल्या बाईचे गाणे, एवढेच मी जाणत होते. अंधेरी सुटल्यावर तुम्ही त्यामागची हकीकत सांगितलीत. गीतकार डिनो फेकारिस यांना मोटाउन या रेकॉर्ड कंपनीने कामावरून काढले होते आणि त्या शब्दांतली जिद्द तिथून आली होती. गेनर १९७८ मध्ये रंगमंचावर पडल्या, त्यांच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली, पाठीला आधाराचा पट्टा बांधूनच त्या हे गाणे गायल्या, आणि गाताना त्यांच्या मनात ते दुखणे व गेलेली आई होती. गेनर यांच्या रेकॉर्ड कंपनीने गाणे तबकडीच्या मागच्या बाजूला घातले होते; डीजेंनी तबकडी उलटून वाजवली आणि १९७९ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले.

त्या दोघांपैकी कोणीच प्रियकरासाठी झुरत नव्हते, हे ऐकून माझे दुःख मला प्रथमच एकटीचे वाटेनासे झाले.

“माझे कारण आणखी निराळे आहे,” एवढे म्हणून तुम्ही दादरला उतरलात. ते कधी सांगावेसे वाटले, तर मी त्याच डब्यात असते. बोरिवलीपासून तुमच्यासाठी जागा धरून ठेवीन.

तुमची ऋणी,
एक सहप्रवासी