तो सहावा रकाना बदला, मंत्रिमहोदय

प्रति,
माननीय उच्च शिक्षण व संशोधन मंत्री,
यांस सादर नमस्कार.

मी एका विद्यापीठात ग्रंथपाल आहे. आमच्या प्राध्यापकांचे शोधलेख कुणालाही मोफत वाचता यावेत म्हणून ग्रंथालयाने एक डिजिटल रिपॉझिटरी सुरू केली. ती गेली अकरा वर्षं मी सांभाळते. खुल्या प्रकाशनाचा, म्हणजे ओपन ॲक्सेसचा, विषय निघाला की ‘संशोधकांची मानसिकता बदलली पाहिजे’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्या मानसिकतेशी माझी रोज गाठ पडते, म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट अशी, की वाचकाकडून पैसे घेतलेच पाहिजेत असं म्हणणारा एकही संशोधक मला या अकरा वर्षांत भेटलेला नाही. संशोधनाचा खर्च बहुतेक वेळा जनतेच्या पैशातून होतो, लेखकाला मानधन नसतं, परीक्षण करणारे समीक्षकही सहसा फुकट काम करतात, आणि एवढं होऊन तयार लेख कुलपात जातो. याची चीड सगळ्यांनाच आहे. तरीही लेख पाठवायची वेळ आली की पावलं कुलूपवाल्या जर्नलकडेच वळतात.

असं का होतं, ते मी जवळून पाहिलं आहे. एक तरुण प्राध्यापिका लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आली. लेख तयार होता, दोन जर्नलं समोर होती. एक खुलं, तिच्या विषयातलं, चांगल्या संपादक मंडळाचं आणि बिनशुल्क. दुसरं बंद, पण नावाजलेलं. पहिल्यात तिचा लेख नेमका हव्या त्या वाचकांपर्यंत गेला असता, हे तिलाही कळत होतं. मग तिने पदोन्नतीचा फॉर्म उघडून दाखवला. सहावा रकाना : ‘जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर’. लेख कुणाला वाचता येतो का, हे विचारणारा रकाना संपूर्ण फॉर्ममध्ये कुठेच नव्हता. तिने लेख बंद जर्नलला पाठवला. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि ही गोष्ट मला आजही बोचते.

इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे काय, तर एखाद्या जर्नलमध्ये आधीच्या दोन वर्षांत आलेल्या लेखांचा चालू वर्षात सरासरी किती वेळा संदर्भ घेतला गेला, तो आकडा. कोणती जर्नलं विकत घ्यावीत हे ठरवायला तो आम्हा ग्रंथपालांच्या उपयोगी पडतो. एखादा लेख किंवा तो लिहिणारा माणूस किती मोलाचा, हे त्यावरून मोजता येत नाही. नेमणूक, पदोन्नती आणि अनुदान यांसाठी असली जर्नलनिहाय मापं वापरू नका, असं संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने २०१२ साली स्पष्ट शब्दांत सांगितलं. जगभरच्या शेकडो संस्थांनी त्यावर सह्या केल्या. आमच्या फॉर्ममधला सहावा रकाना मात्र जिथल्या तिथे आहे.

दुसरी अडचण गैरसमजाची. ‘मॅडम, ओपन ॲक्सेस म्हणजे पेड जर्नल ना?’ हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. विचारणाऱ्याचा दोष नाही. पैसे भरा, चार दिवसांत छापून देतो, अशा बनावट जर्नलांच्या ईमेलनी प्रत्येकाचा इनबॉक्स भरलेला असतो. त्या चोरांपायी साव बदनाम झाले. खरं तर कित्येक खुली जर्नलं लेखकाकडून काहीच घेत नाहीत आणि परीक्षण काटेकोरपणे करतात. अशी जर्नलं पारखून नोंदवणारी डीओएजे ही सूची २००३ पासून सर्वांसाठी मोफत आहे.

शिवाय खुलेपणाचा दुसरा मार्ग बहुतेकांना ठाऊकच नसतो. खुल्या प्रकाशनाविषयीच्या २००२ च्या बुडापेस्ट घोषणेत दोन वाटा सांगितल्या होत्या. एक, खुली जर्नलं काढणं. दुसरी, लेख कुठेही छापा, पण त्याची प्रत खुल्या साठ्यात जमा करा. बरेच प्रकाशक लेखकाला त्याची स्वीकृत प्रत, म्हणजे परीक्षणानंतरची पण त्यांच्या मांडणीआधीची फाइल, काही अटींवर जमा करू देतात. आमच्याकडचे एक ज्येष्ठ प्राध्यापक निवृत्तीच्या आधी आपले जुने लेख गोळा करायला आले. त्यांतला एक त्यांना स्वतःलाच उघडता येईना, कारण त्या जर्नलची वर्गणी आम्ही बंद केली होती. स्वीकृत प्रत त्यांच्या जुन्या संगणकात सुरक्षित होती. ‘ही ठेवली तर कॉपीराइटचा खटला नाही ना होणार?’ असं त्यांनी मला तीनदा विचारलं. प्रकाशकाच्या अटी मी त्यांच्यासमोर ओळ न् ओळ वाचल्या. परवानगी पहिल्यापासून होती.

भौतिकशास्त्रज्ञांना ही भीती शिवत नाही. छापून येण्याआधीचे लेख सर्वांसाठी खुले ठेवणारा त्यांचा ऑनलाइन साठा, आर्काइव्ह, १९९१ साली सुरू झाला, पण त्याआधीही ते आपले लेख छापून येण्यापूर्वीच टपालाने एकमेकांना पाठवत होते. तेव्हा हा स्वभावाचा प्रश्न नाही, सवयीचा आहे, आणि सवय लावता येते.

मात्र ती लावताना एक चूक टाळा. जर्नल खुलं करण्याचा खर्च लेखकाच्या माथी मारू नका. युरोपातल्या अनुदान संस्थांनी २०१८ मध्ये प्लॅन एस जाहीर केला : आमच्या पैशातून झालेलं संशोधन खुलंच प्रकाशित झालं पाहिजे. त्याचा हेतू चांगलाच होता. पण मोठ्या प्रकाशकांनी वाचकाची वर्गणी लेखकाच्या शुल्कात बदलून घेतली. ‘नेचर’ या नामवंत विज्ञान-जर्नलने २०२० मध्ये एका खुल्या लेखासाठी ९,५०० युरो शुल्क जाहीर केलं. मोठं अनुदान नसलेला संशोधक एवढे पैसे कुठून आणणार? शुल्कमाफीचे अर्ज मीच लिहून देते. विद्वान माणसाला अशा याचनेवर सही करताना पाहणं फार जड जातं. ब्राझीलमध्ये १९९८ पासून सायएलो हे खुल्या जर्नलांचं जाळं सार्वजनिक पैशावर चालतं आणि त्यातली बरीच जर्नलं वाचक आणि लेखक दोघांनाही मोफत आहेत. द्यायचाच असेल तर निधी अशा कामाला द्या.

आणि नुसतं आवाहन करू नका, त्याने काही होत नाही. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने २००५ मध्ये संशोधकांना लेख जमा करण्याची विनंती केली, तेव्हा फारच थोडे लेख आले. २००८ मध्ये तेच सक्तीचं केल्यावर चित्र पालटलं. त्याच सुमारास बेल्जियमच्या लिएज विद्यापीठाने ऑर्बी ही रिपॉझिटरी सुरू केली आणि अंतर्गत मूल्यमापनात तिथे जमा असलेलेच लेख धरायचे ठरवलं. जर्नल कोणतं, यावर बंधन नव्हतं. अमुक काळ लेख खुला करू नका अशी प्रकाशकाची मुदत आड आली तर लेख त्या मुदतीपुरता बंद ठेवा, पण जमा करा, एवढीच अट. रिपॉझिटरी भरत गेली. प्राध्यापकांना कुणी उपदेश केला नाही, फक्त त्यांच्या फॉर्मला जो प्रश्न विचारायला हवा होता तो विचारला.

आमचा फॉर्म आपल्या मंजुरीने लागू झालेला आहे. त्यातला सहावा रकाना काढून टाका आणि तिथे लिहा : ‘रिपॉझिटरीत जमा केलेल्या प्रतीचा दुवा’. आमच्यासारख्यांना प्रत्येक विभागात बसून लेख जमा करून घ्यायला एक माणूस द्या. बाकीचं आम्ही बघतो.

त्या तरुण प्राध्यापिकेचा पुढचा लेख लिहून झाला आहे. तो कुठे पाठवायचा, हे तिने अजून ठरवलेलं नाही.

आपली नम्र,
एक विद्यापीठ ग्रंथपाल