आबांची काळी पेटी उघडण्याआधी

ठाणे

चि. मृण्मयी हिस अनेक आशीर्वाद.

आबांचं आयुष्य लिहून काढायचं तू मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. एक आधीच सांगतो. फौजेची वही वेगळी आणि घरची वेगळी, असं करू नकोस. 1966 ते 1994 आबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, आणि त्या सगळ्या वर्षांत त्यांनी घर चालवलं ते पत्रांतून आणि मनीऑर्डरीतून. त्यामुळे पलटणीची तारीख आणि घरची तारीख एकाच पानावर शेजारी शेजारी आली, तरच आबा जसे होते तसे कागदावर येतील.

सुरुवात पेटीतल्या डिस्चार्ज बुकापासून कर. भरती, बढत्या, कोर्स, पदकं, रिटायरमेंट, सगळ्याचा सांगाडा त्यात आहे. त्यात दोन नंबर दिसतील. शिपाई ते हवालदार असेपर्यंत एक नंबर, आणि नायब सुभेदार झाल्यावर 'जेसी'ने (ज्युनियर कमिशन्ड) सुरू होणारा दुसरा. पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव बारीक ठोकलेलं असतं आणि जुन्या पदकांवर जुनाच नंबर राहतो. घरोघरी इथेच गोंधळ होतो, पदक दुसऱ्याच कुणाचं तरी आहे असं वाटतं. आडनावाचं स्पेलिंगही कागदोकागदी वेगळं सापडेल. ते जसं आहे तसंच उतरव, आपल्या हाताने सुधारू नकोस.

पदकं नीट वाचलीस तर अर्धा इतिहास तिथेच मिळेल. 'पूर्वी स्टार' हे पदक म्हणजे आबा 1971 च्या लढाईत पूर्व आघाडीवर होते. संग्राम मेडल त्याच लढाईचं, पण ते जास्त मोठ्या भागातल्या जवानांना मिळालं. 1972 चं स्वातंत्र्याच्या 25 व्या वर्षाचं मेडल त्या वेळी नोकरीत असलेल्यांना दिलं गेलं. सैन्य सेवा मेडलच्या फितीवर 'जम्मू कश्मीर'ची पट्टी आहे, म्हणजे तिकडची पोस्टिंग झाली. बाकीची दोन 9 आणि 20 वर्षांच्या नोकरीची. पूर्वी स्टारच्या पानावर जमालपूर (आताच्या बांगलादेशातलं) हे नाव मोठ्या अक्षरात लिही. आबांची पलटण पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण. तिने ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेचा रस्ता अडवला, आणि 10 डिसेंबर 1971 च्या रात्री तिथून फोडून निघू पाहणाऱ्या पाकिस्तानी बटालियनला मागे लोटलं. त्याच्या शेजारी त्या डिसेंबरात घरी काय चाललं होतं ते आलं पाहिजे. आजीला विचार.

पदकांना ब्रासो, पितांबरी, चिंच यांतलं काहीही लावू नकोस. चकाकी येते, पण कडेवरचं नाव उथळ असतं, ते घासून जातं. कोरड्या, मऊ सुती कापडाने पुसायचं, एवढंच. फिती धुवायच्या नाहीत, रंग एकमेकांत उतरतात. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलं की खाडीच्या दमट हवेत प्लॅस्टिक चिकट होतं आणि धातूवर हिरवा थर येतो. प्रत्येक पदक सुती कापडात वेगळं गुंडाळ आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाक. त्या वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर बदलायच्या.

पत्रांच्या बाबतीत, पाकीट पत्राइतकंच महत्त्वाचं. जवानाच्या पत्त्यात गावाचं नाव नसतं. फौजेच्या पोस्टाचा, म्हणजे एपीओचा नंबर असतो: '99 एपीओ' म्हणजे पूर्वेकडचा भाग, '56 एपीओ' म्हणजे ढोबळमानाने उत्तर आणि पश्चिम. पण टपालाच्या शिक्क्यात फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आणि तारीख असते, तिच्यावरून पत्रांचा क्रम लागतो. म्हणून तिकिटाचा कोपरा कापायचा नाही, घड्यांवर सेलोटेप लावायची नाही. टेप काही वर्षांत पिवळी पडते आणि निघताना शाईसकट निघते. 4 फेब्रुवारीच्या आसपासची पत्रं वेगळी काढ. तो रेजिमेंटचा दिवस, 1670 साली तान्हाजींनी कोंढाणा घेतला तो. त्या दिवशी पलटणीत बडा खाना असतो आणि आबा जेवणाचं वर्णन फार मन लावून करत.

सगळ्यात मोलाची मात्र मनीऑर्डरीच्या फॉर्मचे खालचे तुकडे. पैसे घेताना पोस्टमन तो संदेशाचा तुकडा फाडून हातात द्यायचा. बोटभर जागेत आबांनी पैशांची वाटणी लिहिली आहे: फीचे एवढे, बियाण्याचे एवढे, आईच्या औषधाचे एवढे, 'राहिलेले तुझ्याकडे ठेव'. बाप म्हणून ते कसे होते हे यापेक्षा स्वच्छ दुसरीकडे कुठे सापडणार नाही. हे तुकडे एकेक करून दोन्ही बाजूंनी स्कॅन कर.

मधल्या गाळलेल्या वर्षांसाठी एक सोपी युक्ती आहे. फील्डमध्ये, म्हणजे सीमेकडच्या पोस्टिंगवर, कुटुंब नेता येत नसे. पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या छावणीत, क्वार्टर मिळालं की सगळे सोबत. तेव्हा मुलांच्या केंद्रीय विद्यालयाच्या दाखल्यांवरच्या तारखा म्हणजे आबा घरात राहिले तो काळ. आजीला 'सन 78 ला कुठे होता?' असं विचारलंस तर ती गप्प बसेल. क्वार्टरमध्ये शेजारी कोण होतं, पाणी किती वाजता यायचं, कुणाला गोवर निघाला होता, असं विचार. फोनवर रेकॉर्ड कर, मध्ये तोडू नकोस, आणि अर्ध्या तासाच्या वर बसवू नकोस.

फ्रेममधला पलटणीचा ग्रुप फोटो काचेला चिकटलाय. ओढून काढलास तर चेहरे काचेवर राहतील. काचेसकट 600 डीपीआयवर स्कॅन कर, खालची छापील नावंही त्यात येऊ देत. पेटीवर पांढऱ्या रंगाने लिहिलेल्या नावाजवळ उजेड तिरपा धर, सुभेदारच्या खाली हवालदार आणि त्याच्याही खाली नायक दिसतो. पेटी रंगवायची हौस कुणाला आली तर स्पष्ट नाही म्हण. आतल्या लोकरी कोटाला कसर लागलीय का ते ऑक्टोबरच्या उन्हात बघू. डांबराच्या गोळ्या कापडात बांधून ठेवायच्या, लोकरीवर थेट नाही.

डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शनचा हुकूम) यांचे फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकू नकोस, त्यात नंबर असतात. मूळ कागद घराबाहेर न्यायचे नाहीत, झेरॉक्सवर काम कर. पीपीओतली आजीची जन्मतारीख आधारशी जुळते का तेही त्याच वेळी पाहून घे, आणि नोव्हेंबरात तिचा हयातीचा दाखला तूच भरून दे. तिच्या बोटांचे ठसे हल्ली मशीनवर लवकर उमटत नाहीत, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस त्यासाठी मोकळा ठेव.

तुझे बाबा