मॉडेल हेलिकॉप्टरचा आवाज : बंदीआधी मोजणी व्हावी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या हिवाळ्यातील एका रविवारी सकाळी तुळजापूर रस्त्याकडच्या माळावर आम्ही तिघे-चौघे शौकीन रिमोटवर चालणारी हेलिकॉप्टरे उडवीत असताना, पलीकडच्या नव्या वसाहतीतील एक वयस्कर गृहस्थ चालत आमच्यापर्यंत आले. त्यांची उमर यंत्रमागावर गेलेली. ते रागावले नव्हते, पण बोलले नेमके : "मागांच्या खटखटाटात चाळीस वर्षे काढली, त्याचा जाच वाटला नाही, कारण तो एका लयीत असतो. तुमचे यंत्र कधी किंचाळते, कधी गुरगुरते. पुन्हा कधी किंचाळेल, याकडेच कान लागून राहतात." पुढे वसाहतीतील काही रहिवाशांनी ही उड्डाणे कायमची बंद करावीत, असा अर्ज केल्याचे कानावर आले. बंदीची मागणी मला मान्य नाही. तक्रार मात्र पूर्णपणे मान्य आहे, आणि तिचे उत्तर बहुतांशी आमच्याच हातात आहे, हे सांगण्यासाठी हे पत्र.

ज्या हेलिकॉप्टरांबद्दल तक्रार आहे त्यांचे इंजिन पेट्रोलवर चालत नाही. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगणतेल यांचे मिश्रण त्यात जळते, म्हणून त्यांना 'नायट्रो' म्हणतात. माझ्याकडील इंजिन अवघे ८.२ घनसेंटिमीटरचे, म्हणजे साध्या स्कूटरच्या इंजिनाच्या दशांशाहूनही लहान. पण ते मिनिटाला सुमारे १६,००० फेरे घेते आणि टू-स्ट्रोक असल्यामुळे प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो. सेकंदाला साधारण २६७ स्फोटांच्या त्या सुराचे वरच्या पट्ट्यांतील पडसाद नेमके कानाला बोचणाऱ्या टापूत पडतात. गंमत अशी, की शेपटीचा लहान पंखाही मिनिटाला आठ हजारांहून अधिक फेरे घेतो आणि त्याला दोन पाती असल्यामुळे त्याचा सूर इंजिनाच्या सुराच्या अगदी शेजारी येतो. त्यामुळे दूरवरून ऐकणारा सगळा दोष इंजिनाला देतो, आणि आमच्यातील अनेक जणही तसेच समजून केवळ सायलेन्सर बदलून मोकळे होतात.

येथेच हिशेब चुकतो. डेसिबलची बेरीज आपल्या नेहमीच्या बेरजेसारखी नसते. समजा, धुराड्याचा आवाज ९०, पात्यांचा ८४ आणि गिअरचा ८० डेसिबल आहे, तर एकत्रित आवाज सुमारे ९१ भरतो. उत्तम सायलेन्सर बसवून धुराड्याचा आवाज दहा डेसिबलने खाली आणला, तरी एकूण आवाज ८६ ते ८७ वर येऊन अडतो, कारण तोवर दुय्यम असलेली पाती आता मुख्य गायक झालेली असतात. महागडा सायलेन्सर घेऊनही फरक पडला नाही, ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. स्वतःही केली आहे.

माझ्या यंत्रात पहिला दोष सायलेन्सरचा नव्हताच. इंजिन आणि सायलेन्सर जेथे जुळतात तेथील स्क्रू कंपांमुळे सैल पडले होते आणि त्या सांध्यातील फट बुजवणारी पातळ चकती, म्हणजे गॅस्केट, एका कडेने जळाले होते. फटीपाशी उमटलेला काळपट, तेलकट ओघळ मी कित्येक आठवडे 'तेल उडतेच' म्हणून पुसत राहिलो. अशा फटीतून आवाज सायलेन्सरला वळसा घालून थेट बाहेर पडतो. शिवाय सायलेन्सरमधील दाबावरच टाकीतले इंधन पुढे ढकलले जात असल्याने दाब उतरून इंजिनात इंधन कमी पडते आणि ते तापते. नवे गॅस्केट काही रुपयांत येते. त्यानंतर ज्याला सायलेन्सरला दुसरा कप्पा जोडायचा असेल त्याने तो अवश्य जोडावा. कप्प्याचे घनफळ जितके मोठे, तितका धुराच्या झटक्याला पसरायला वाव मिळतो. मात्र वाट फार अरुंद केली तर इंजिन गुदमरते, आणि दाब वाढल्याने इंधनाचे प्रमाण ठरवणारी सुई नव्याने लावावी लागते, हे ध्यानात असू द्यावे.

पात्यांचा आवाज कमी करण्यास पैसे लागत नाहीत, संयम लागतो. सुमारे १.३५ मीटर व्यासाचा मुख्य पंखा मिनिटाला १,८०० फेरे घेतो तेव्हा पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सव्वाशे मीटरच्या पुढे जातो. टोकाच्या वेगाबरोबर आवाज साध्या प्रमाणात वाढत नाही, अनेक पटींनी वाढतो; म्हणून फेरे १,५०० वर आणले तर पात्यांचा आवाज चार-पाच डेसिबलने उतरतो. गिअरचे प्रमाण तेच असल्याने इंजिनही सोळा हजारांऐवजी तेरा हजारांच्या आसपास फिरते, शेपटीचा पंखा आणि इंजिन थंड ठेवणारा पंखाही त्याच प्रमाणात मंदावतो. किंमत एवढीच, की कोलांट्या तितक्या चपळ होत नाहीत. गिरकी थोडी मंद झाली म्हणून कोणाचे काही बिघडत नाही, असे मला वाटते. माझे तरुण मित्र याला 'म्हातारपण' म्हणतात.

मागावरच्या त्या गृहस्थांचे बोलणे मला येथे पुन्हा आठवते. त्यांचा आक्षेप आवाजाच्या मोठेपणापेक्षा चढउताराला होता, आणि त्यावर गव्हर्नर नावाचा छोटा इलेक्ट्रॉनिक भाग हाच खरा उपाय आहे. फिरत्या भागावरील चुंबकावरून तो फेरे मोजतो आणि भार कमी-जास्त होताच इंजिनाची झडप आपोआप हलवून फेरे स्थिर राखतो. आवाज त्यामुळे फार लहान होत नाही, पण एका सुरात राहतो. याखेरीज गिअरच्या दातांमध्ये पातळ कागदाची पट्टी धरून अंतर नीट लावणे आणि पुढचे पोकळ आवरण रबरी बुचांवर बसवणे, म्हणजे ते ढोलासारखे घुमत नाही, ही कामे घरच्या टेबलावर तासाभरात होतात.

अंतर आणि वेळ यांचाही विचार आम्ही कमी करतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण सहा डेसिबलने घटतो. सात मीटरवर ८२ डेसिबल असलेला आवाज सव्वादोनशे मीटरवर ५२ च्या आसपास येतो, तर तेथेच ९२ असणारा त्याच अंतरावर ६२ राहतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ आहे, म्हणजे दहा डेसिबलच्या या फरकानेच घराच्या खिडकीपाशी नियम पाळला जाईल की मोडेल ते ठरते. त्यात आमची आवडती वेळ म्हणजे थंडीतील पहाट, कारण तेव्हा वारा पडलेला असतो. पण नेमके तेव्हाच जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, आवाज वर न जाता खाली वळतो आणि एरवी न पोहोचणाऱ्या घरांपर्यंत पोहोचतो. थोडे ऊन चढू द्यावे, नऊनंतर यंत्र सुरू करावे, एवढ्यानेही निम्मी तक्रार मिटेल. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या दिशेला तर कोणत्याही वेळी फिरकू नये, हे वेगळे सांगायला नको.

मिरवणुकीतील डॉल्बीपुढे आमचे हेलिकॉप्टर म्हणजे काय, असा युक्तिवाद आमच्यातील काही जण करतात. दुसऱ्याचा गोंगाट मोठा आहे म्हणून आपला शांत ठरत नाही. मात्र शासनाकडून एक अपेक्षा रास्त आहे. आपले नियम परिसराच्या आवाजाची मर्यादा सांगतात; फटाक्यांसाठी चार मीटर अंतरावरून मोजण्याचा निकषही आपल्याकडे आहे. ब्रिटनमध्ये १९८२ च्या आचारसंहितेत मॉडेल विमानांसाठी सात मीटरवर ८२ डेसिबल ही मर्यादा घालून दिली होती. तोच आकडा येथील शौकिनांनी आधी स्वेच्छेने स्वीकारावा आणि जिल्हा प्रशासनाने तो पाळणाऱ्यांना वस्तीपासून, तसेच विमानतळाच्या हवाई क्षेत्रापासून दूर एखादी मोकळी जागा ठराविक वेळेपुरती द्यावी, अशी माझी विनंती आहे. मोजणी मोबाइलमधील ॲपने करू नये, कारण मोठ्या आवाजाला त्याचा माइक दबून जातो आणि आकडा खोटा येतो. प्रमाणित मीटर तिवईवर ठेवावा आणि माणसांनी बरेच मागे उभे राहावे, कारण सात मीटर हे अंतर मीटरला पुरते, माणसाला नाही.

आम्ही असा मीटर उसना मिळवला आहे. येत्या रविवारी सकाळी नऊनंतर माळावर एकेक यंत्र त्यासमोर उडवून पाहणार आहोत आणि ८२ च्या वर जाणारे यंत्र त्या दिवशी पुन्हा उडणार नाही, असे आपसांत ठरले आहे. मीटरवरचा आकडा वाचण्यासाठी मागावरच्या त्या गृहस्थांना मी घरी जाऊन बोलावणे करून आलो आहे. त्यांनी येण्याचे कबूल केले आहे.

आपला विश्वासू,
एक मॉडेल हेलिकॉप्टर शौकीन,
सोलापूर