शिवारांची नावे गावनकाशावर नोंदवावीत

महोदय,

सातबारा उताऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकाना असतो, पण आमच्या गावातील बहुतेक उताऱ्यांवर तो कोराच आहे. १९४७ च्या कायद्यान्वये जमिनींचे एकत्रीकरण होऊन सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले आणि मळवी, टेकाचे रान, पाटीलकी, जोगळ्याचा दरा ही नावे केवळ वृद्धांच्या तोंडी उरली. पाटीलकी या एका शब्दात वतनाचा इतिहास आहे. गट नंबरात तो कुठून येणार? कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेल्या शिवारांची नावे सांगणारी माणसेही आता थोडीच उरली आहेत. ग्रामपंचायतींनी जाणत्यांना बांधावर नेऊन, उच्चार न बदलता, ही नावे गावनकाशावर याच उन्हाळ्यात नोंदवावीत.

– एक शेतकरी, कोरेगाव, जि. सातारा