भुसावळच्या नानांना, अमळनेरच्या टायपिस्टकडून

नाना, रामराम.

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणून कट करता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय, आता कट करून दाखवा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, माझं अमळनेरला टायपिंगचं छोटं दुकान आहे. खरेदीखत, प्रतिज्ञापत्र, वारस नोंदीचे अर्ज, ग्रामपंचायतीचे ठराव, सगळं मराठी आणि सगळं इनस्क्रिप्टवर, म्हणजे मराठी अक्षरांच्या सरकारी कीबोर्ड मांडणीवर. मागच्या वर्षापासून उजवं मनगट असं धरायला लागलं की संध्याकाळी चहाचा कप उचलताना डावा हात पुढे यायचा. डॉक्टर म्हणाले टायपिंग बंद ठेवा. हो, आणि दुकानाचं भाडं कोण भरणार, तुम्ही?

मग कोणीतरी दोन तुकड्यांच्या कीबोर्डबद्दल सांगितलं. ओपन सोर्स असतात, डिझाइनच्या फाइली फुकट मिळतात, सर्किट बोर्ड छापून घ्या, बटणं आणि कंट्रोलर (कीबोर्डचा मेंदू) लावा, झालं. ऐकायला सोपं. मी ज्याच्याकडून कीबोर्ड घेतला त्या विक्रेत्याला आधीच स्पष्ट सांगितलं होतं की मी मराठी टाइप करतो, इंग्रजी नाही. त्याने ३४ बटणांचा स्वीप गळ्यात मारला, "सर लेयर्स में सब हो जाता है", म्हणजे एक बटण धरून ठेवलं की बाकीच्या बटणांचं काम बदलतं. जोडून आला तो डावा अर्धा मेलेलाच. फोन केला तर म्हणे तुम्हीच चालू असताना दोन तुकडे जोडणारी मधली केबल काढली असेल. आता ती टीआरआरएस केबल चालू असताना ओढली तर शॉर्ट होऊन कंट्रोलर जाऊ शकतो हे खरं आहे, पण अरे बाबा मी खोकाच आत्ता उघडलाय! त्यानंतर दोन निळ्या टिका आणि शांतता. आमच्याकडच्या एका दुकानात घेऊन गेलो तर तो हसला, म्हणे साडेतीनशेला नवीन येतो, हे काय खेळणं घेऊन फिरताय.

नाना, तुमच्याकडे आलो तेव्हा मी खरं सांगू का, वैतागून आलो होतो. मेव्हण्याने सांगितलं होतं की रेल्वेत सिग्नलला होते, आता रिटायर आहेत, घरी काहीतरी खुटखुट करत असतात, जाऊन तर बघ. तुम्ही मल्टिमीटर लावला, ती केबल जिथे लागते त्या जॅकचा एक पाय दाखवला, पॅडवर नुसता टेकलेला होता, सोल्डर तिथपर्यंत पोचलंच नव्हतं. एक टाका मारला आणि डावा अर्धा जिवंत. मी पाकीट काढलं तर तुम्ही म्हणालात, "आधी तुन्हा हात दखू दे भो."

पुढचं जे केलं ना तुम्ही, त्यासाठी हे पत्र. दुरुस्ती काय, शोधला असता तर कोणीतरी करून दिली असती.

तुम्ही तीन कीबोर्डांचे नकाशे ए-फोर कागदावर खऱ्या मापात छापले, स्वीप, कॉर्न आणि सोफल. पट्टी ठेवून बघितलं की एका बटणाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर बरोबर भरतं का, कारण प्रिंटर गुपचूप लहान करतो म्हणे. कागद उडतात म्हणून पंखा बंद. भुसावळात, मे महिन्यात, पंखा बंद! आणि मग बसून प्रत्येक गोलात, प्रत्येक चौकोनात बॉलपेनने मराठी अक्षरं लिहिली. तुम्हाला इनस्क्रिप्ट येत नाही नाना, तुम्ही स्वतः मोबाईलवर बोलून मेसेज पाठवता. कॉम्प्युटरवर ऑनस्क्रीन कीबोर्ड उघडून, चष्मा कपाळावर-नाकावर करत, बघून बघून उतरवत होतात, ौ, ै, ा, ी, ू, मग ब, ह, ग, द, ज. स्वीपच्या कागदावर तिथे ओळ संपली. उरलेली अक्षरं तुम्ही बाजूला लिहून लाल पेनाने गोल केली. ड, ट, ृ आणि ॉ. "ह्या बाहेर राह्यल्या. हाई तुन्हा कामनं नही."

ते चार लाल गोल बघून माझ्या घशात काहीतरी आलं होतं, तुम्हाला दाखवलं नाही. इतके दिवस जो तो मला कीबोर्ड समजावत होता, मी दिवसभर काय टाइप करतो हे कोणी विचारलं नव्हतं.

आता जे कोणी बनवायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी जरा सविस्तर, नानांनी शिकवलं तसं. कीबोर्ड फक्त कुठलं बटण दाबलं तेवढा कोड पाठवतो, अक्षर कॉम्प्युटर ठरवतो. इनस्क्रिप्टमध्ये ड हा चौकटी कंसाच्या बटणावर आहे, ट हा अवतरण चिन्हाच्या. इंग्रजीवाल्याला ही बटणं कधीतरी लागतात म्हणून छोट्या बोर्डात ती लेयरमध्ये ढकलतात, आणि त्याचं चालतं. आपलं कसं चालेल? ठ साठी लेयर धरा, शिफ्ट धरा, मग बटण, म्हणजे "ठराव" शब्दाच्या पहिल्याच अक्षराला तीन बोटं अडकली. "प्लॉट" मध्ये ॉ पण आणि ट पण. माझ्या धंद्यात प्लॉट दर पानावर येतो.

स्वीप वाईट नाही हां. एका बाजूला १७ बटणं, प्रत्येक बटणाला कंट्रोलरची थेट पिन, त्यामुळे डायोडच (वीज एकाच बाजूने जाऊ देणारे बारीक भाग) लागत नाहीत, पहिल्यांदा सोल्डर करणाऱ्याला यापेक्षा सोपं काही नाही. ज्याला इंग्रजीत कोड लिहायचाय त्याने खुशाल घ्यावा. कॉर्नला ४२ बटणं, बाजूला सहावा कॉलम आहे, तिथे ड आणि ट बसतात, बॅकस्पेस अंगठ्याला द्यायचा. मला तोच आवडला होता, दिसायलाही देखणा. पण त्यात आकड्यांची ओळ नाही, आणि माझं अर्धं काम आकडे, गट नंबर, आधार नंबर, तारखा, चतुःसीमेतले मीटर. शिवाय इनस्क्रिप्टमध्ये ५, ६, ७ वर शिफ्टने ज्ञ, त्र, क्ष येतात, "क्षेत्र" लिहिताना हात आपोआप तिकडे जातो, ती सवय या वयात मोडायची नाही. म्हणून सोफल, ५८ बटणं, आकड्यांची ओळ आणि प्रत्येक बाजूला अंगठ्यापाशी पाच बटणं. ृ शून्याच्या शेजारी, ॉ अंगठ्याला. लिली५८ पण ५८ चाच आहे, पण कागदावर माझी करंगळी सोफलवर नीट उतरली, संपला विषय. अर्गोडॉक्स ७६ बटणांचा, तो माझ्या टेबलावर फाइली ठेवायला जागाच ठेवणार नाही. डॅक्टिलचं तर नावच नको, ते वाटीसारखं वळलेलं थ्रीडी प्रिंट आणि हाताने वायरिंग, पण नाना तुमचे डोळे त्याच्यावरच लागलेले मी बघितलेत.

बोर्ड छापून आले, तुम्ही डायोडची काळी रेघ कुठल्या बाजूला ते एकदाच सांगितलं आणि इस्त्री माझ्याच हातात दिली. तुमच्या भाषेत सोल्डरिंग आयर्नला इस्त्रीच म्हणतात, मी पण आता तेच म्हणतो. कंट्रोलर टाइप-सीवाला घ्यायला लावलात कारण जुन्या प्रो मायक्रो कंट्रोलरचं मायक्रो यूएसबी उपटून येतं. बाकी क्यूएमके (कीबोर्डच्या आतलं सॉफ्टवेअर) वगैरे भाच्याने केलं.

मनगट पूर्ण बरं झालं असं म्हणणार नाही, पण दोन तुकडे खांद्याएवढे लांब ठेवले की हात सरळ राहतो, आणि संध्याकाळचा कप परत उजव्या हातात आलाय. वेग सुरुवातीला रडवणारा होता, गिऱ्हाईक उभं आणि मी "म" शोधतोय.

नाना, आजकाल माणूस मदत करतो ती पण व्हिडिओची लिंक पाठवून. ज्याला येतं तो "आधी डॉक्युमेंटेशन वाच" म्हणतो, ज्याला विकायचंय तो सर सर करतो, आणि पैसे खात्यात पडले की ओळख संपते. तुम्हाला माझ्याकडून काहीच मिळणार नव्हतं, साधा चहा सुद्धा तुमच्याच घरचा होता, काकूंनी वर जेवायला बसवलं. अशी माणसं प्रत्येक गावात एखाददुसरी असतातच, फक्त त्यांची पाटी नसते, त्यामुळे मेव्हण्यासारखा कोणीतरी सांगणारा लागतो. त्या विक्रेत्याची मात्र मोठी पाटी आहे, तिच्यावर विश्वास असंही लिहिलंय.

एक काम आहे. बोर्ड कमीत कमी पाच छापून मिळतात, माझे दोन गेले, तीन पडून आहेत, म्हणजे अजून एक जोडी होते. पारोळ्याचा एक टायपिस्ट विचारतोय, त्याचं पण मनगट. त्याला तुमचा नंबर देऊ का ते कळवा, आणि या वेळी बटणं बसवायच्या सॉकेटचे पैसे घ्यायचे, नाही घेतले तर मी काकूंकडे देऊन येईन.

तुमचा,
अमळनेरचा टायपिस्ट